पाचवं कडं

माझी आत्या शांत, क्षमाशील वगैरे बाई नव्हती. माणूस गेलं की लोक उगाच त्याला सोज्वळ करून टाकतात, ते मला खपत नाही. आत्याने एका माणसावर जन्मभर डूख धरला, आणि तो शेवटपर्यंत सोडला नाही.

तिचं पाट्या रंगवायचं दुकान होतं. लढाईत तिला विमानविरोधी तोफेवर घेतलं ते त्या हातामुळेच. शिकवायच्या तक्त्यांवर ती विमानांचे आकार काढायची. आपल्या पंखांवर निळं वर्तुळ, त्यांच्या पंखांवर काळी पट्टी. मग दुर्बीण डोळ्याला लावून बसायचं आणि आलेलं विमान कुणाचं ते ओरडून सांगायचं. त्या काळी तोफ म्हणजे निम्मा अंदाजपंचे कारभार. गोळा वर पोचेपर्यंत विमान पुढे गेलेलं, म्हणून ते जिथे नाही तिथे नेम धरायचा, आणि गोळा किती सेकंदांनी फुटायला हवा ते त्याच्या फ्यूजवर हाताने लावायचं. पुढे तोफांना रडार मिळालं, मग ट्रकवरची क्षेपणास्त्रं आली. आता म्हणे जमिनीवरचं यंत्रच विमानाला विचारतं, ‘तू कोण?’ आणि विमान आपोआप उत्तर देतं. आमच्या शहराच्या तोफेपाशी असलं यंत्र नव्हतं. तिथे आत्या होती.

माझे बाबा वैमानिक, आत्याचे धाकटे भाऊ. विमानतळाकडे परतताना तोफेवरून जायचे तेव्हा बहिणीला चिडवायला मुद्दाम पंख डोलवायचे. आत्या खालून मूठ दाखवायची. "ये घरी, कान उपटते!"

तोफेच्या प्रमुखाला लोक नेमबाज म्हणत. विमान पाडलं की तोफेच्या नळीवर एक पांढरं कडं रंगवायची रीत होती. नेमबाजाची चार झाली होती. पाचव्याला पदक मिळायचं, आणि ते त्याला इतकं हवं होतं की जेवतानाही त्याची नजर आभाळाकडे. एका दुपारी ढगांतून एकच विमान खाली उतरलं आणि पंख डोलवायला लागलं.

"आपलं आहे! थांबा!" आत्या ओरडली.

"सोंग करतात ते," नेमबाज म्हणाला. "फायर!"

दुर्बीण त्याच्याही गळ्यात होती. निळं वर्तुळ त्यालाही दिसलं होतं.

विमान टेकडीपलीकडे पडलं. संध्याकाळी त्याने आत्यालाच हुकूम सोडला, कडं रंगव. आत्या नाही म्हणाली नाही. तो जेवायला गेल्यावर तिने तक्त्यांसाठीचा निळा रंग घेतला, त्याने पाचवं कडं रंगवलं, ते सुकू दिलं, आणि मगच वरून पांढरा फिरवला.

आमच्या घरी कळवण्यात आलं ते असं: वैमानिकाची चूक, विमान कोसळलं. आत्याने साहेबांचे उंबरे झिजवले. "उन्हात बाईमाणसाला काहीही दिसतं," असं म्हणून तिला मुदपाकखान्यात बटाटे सोलायला धाडलं. आईनेही आत्यापेक्षा सरकारी कागदावर विश्वास ठेवला; ती गेली ती नवऱ्याने चूक केली असं मानतच. मी शाळेत विमान आपटणाऱ्याची मुलगी होते. माफ करावं म्हणणाऱ्यांनी एकदा त्या वर्गात बसून बघावं.

कळत्या वयात आत्याने मला निळ्या रंगाचं सांगितलं. मी भडकले. "मग दाखवलं का नाहीस?"

"कुणाला? त्याच्याच साहेबांना? रातोरात खरवडून टाकलं असतं त्यांनी. हे चारचौघांत दाखवायचं असतं. थांब."

थांबता थांबता तिचे केस पिकले. तोफ निकालात निघून गोदामात पडली. मग ती चौकात मांडायचं ठरलं, आणि नेमबाजाने वशिला लावून आपल्या गच्चीसमोरची जागा मिळवली. म्हणजे सकाळी चहा पिताना पराक्रम समोर दिसेल. आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा म्हणतात तो हाच. रंगकामाचं सांगायला तो स्वतः आमच्या दुकानात आला.

"पाचही कडी ठळक दिसली पाहिजेत हं."

"दिसतील की."

"जुनं मनात ठेवलं नाहीस, बरं वाटलं."

"आम्ही रंगारी, साहेब. आम्ही मनात कशाला ठेवू? आमचं सगळं वरच दिसतं."

चार कडी तिने घासून नव्याने रंगवली. पाचव्याला हात लावला नाही. समारंभाला अख्खा चौक भरला होता, नेमबाजाच्या गळ्यात हार होता. पडदा सरकला आणि आत्या उठली. "थोडं काम राहिलंय," म्हणाली. लोक हसले. मी शिडी धरली. तिने पत्र्याच्या पातीने पाचवं कडं खरवडायला घेतलं. पांढऱ्या खपल्या माझ्या डोक्यावर पडत होत्या, आणि आतून निळं कडं निघालं.

"हे निळं कसं?" महापौरबाईंनी विचारलं.

"पाडलेल्या विमानाच्या पंखावर हाच रंग होता. माझ्या भावाचं विमान."

"खोटं! आत्ता लावलाय तिने!" नेमबाज किंचाळला.

तेव्हा मागच्या रांगेतून काठी टेकत एक म्हातारा उभा राहिला. त्याच तोफेवर फ्यूज लावायचा तो. "निळंच होतं," तो म्हणाला. "ही ओरडत होती, आम्ही सगळ्यांनी ऐकलं. आणि गप्प बसलो." त्याने माझ्याकडे बघून हात जोडले. मी जोडले नाहीत.

चौकशी झाली. बाबांवरचा ठपका गेला, नेमबाजाचं पदक गेलं, आणि कडं निळंच ठेवायचं ठरलं. मी आत्याला विचारलं, "आता समाधान झालं?"

"तो जेवतोय ना अजून?" आत्या म्हणाली.

आत्या गेली, दुकान माझ्याकडे आलं, तोफेची देखभालही. नेमबाज आता अंथरुणाला खिळलाय, पलंग चौकाकडच्या खिडकीशी आहे. परवा त्याच्या सुनेने निरोप आणला. "मामंजी म्हणतात, जाता जाता तरी ते पांढरं करा. फार विनवलंय हो."

मी लगेच शिडी घेऊन गेले. खिडकीत त्याचा चेहरा दिसत होता, आशेने माझ्याकडे वळलेला. मी डबा उघडला आणि निळ्याच रंगाचा आणखी एक हात दिला, सावकाश, त्याला नीट दिसेल असा. मग शिडीवरूनच त्याच्याकडे तोंड केलं, दोन्ही हात पसरले आणि बाबांसारखे पंख डोलवले.