दरडीतलं बीळ

माझं झेरॉक्सचं दुकान आणि घड्याळकाकांची दुरुस्तीची टपरी यांच्यामध्ये पत्र्याची भिंत आहे, तीही अर्धीच. त्यामुळे गेल्या वर्षापर्यंतची अकरा वर्षं त्यांच्या पक्ष्यांच्या गोष्टी मी फुकटात ऐकल्या. आज पुलाखाली धोबी पक्षी दिसला, काल बस डेपोच्या भिंतीवर दयाळ गात होता. मी कागद सरकवत नुसतं हूं हूं करायचो. खरं सांगतो, कान किटले होते माझे.

हल्ली घड्याळ दुरुस्तीला टाकतं कोण? काका डोळ्याला भिंग लावून तीच ती घड्याळं पुन्हा उघडून बसायचे. काकू गेलेल्या, मुलगी परदेशात, फोन केला तरी दोन मिनिटांत आटपणारी. सकाळी गळ्यात दुर्बीण अडकवून ओढ्याकाठी फिरायचं, दहाला टपरी उघडायची आणि पाहिलेलं मला सांगायचं, एवढंच त्यांचं आयुष्य.

एक गोष्ट मात्र ते कधीच सांगत नसत, ती म्हणजे घरट्याची जागा. पक्ष्यांच्या नोंदींच्या वहीतसुद्धा ती मुद्दाम चुकीची लिहायचे, न जाणो वही कुणाच्या हाती पडली तर. खरी जागा फक्त काकूंना ठाऊक असायची.

गेल्या वर्षी एकदा माझं मशीन बंद पडलं. मेकॅनिकची वाट बघून कंटाळलो होतो, म्हणून सहज विचारलं, "काका, खंड्या घरटं करतो तरी कुठे?"

काकांनी भिंग काढलं. अकरा वर्षांत मी त्यांना विचारलेला हा पहिलाच प्रश्न असावा. टपरीला कुलूप घालून ते मला घेऊन निघालेसुद्धा.

डेपोच्या मागे ओढ्याची मातीची उभी दरड होती आणि तिच्यात मुठीएवढं बीळ. आत पिल्लं होती. आम्ही लांब झुडपाआड बसलो. समोर माणूस दिसला की खंड्या आत जात नाही, हे त्यांनी मला दोनदा बजावलं. थोड्या वेळाने तो चोचीत मासा घेऊन तारेवर आला आणि सुळकन बिळात शिरला.

"तुझ्या काकूनंतर तूच," काका हळूच म्हणाले.

मला भरून आलं. आणि त्याच संध्याकाळी मी गाढवपणा केला. बिळाचा फोटो, पत्त्यासकट, दुकानदारांच्या ग्रुपवर टाकला. काकांचं कौतुक व्हावं असं वाटलं होतं. थोडी माझीही टिमकी वाजवायची होती, खोटं कशाला बोलू.

रविवारी दरडीसमोर ही गर्दी, कॅमेरे, मोबाइल. काका हात पसरून लोकांना मागे सरकायला सांगत होते. ओढा काय तुमच्या मालकीचा आहे का, असं एकाने त्यांना विचारलं. खंड्या तारेवर होता. दुपार झाली तरी मासा त्याच्या चोचीतच. मी गर्दीच्या मागे उभा होतो. पुढे व्हायची माझी छाती झाली नाही.

लोक आणखी दोन दिवस येत राहिले. बुधवारी बिळातून आवाज येईनासा झाला.

काका मला एका शब्दाने बोलले नाहीत. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तेव्हापासून पत्र्यापलीकडून येतं ते एवढंच: ऊन फार आहे, लाईट गेली वाटतं. आता मी कानात प्राण आणून बसतो, पण पक्ष्यांचं अवाक्षर नाही.

परवा राहवलं नाही. "काका, यंदा आला का खंड्या?"

"नाही रे, दिसला नाही."

त्यांच्या चपलांना ओला गाळ लागलेला होता. टपरी उघडताना ते स्वतःशीच हसत होते, मला बघून त्यांनी ते हसू आवरलं होतं. म्हणजे खंड्या आला होता, आणि ते सांगायला त्यांच्याजवळ आता कुणीच नव्हतं. मी हातभर अंतरावर उभा होतो.