तीन भाकरींचं लंडन

मालनबाईंच्या हिशेबात अंतर म्हणजे शिदोरी. मानवतहून जिंतूर एका भाकरीवर, औरंगाबाद दोन, आणि मनमाडला गाडी बदलून मुंबई गाठायची तर पाच. त्यामुळं त्र्याहत्तर साली लेकीला, कावेरीला, लंडनच्या दवाखान्यात नर्सची नोकरी लागली, तेव्हा त्यांनी पहिलं विचारलं ते हेच, "किती भाकरी बांधू?"

कावेरी हसली. "माय, मुंबईहून विमान दहा तासांत पोचतं. सात हजार किलोमीटर हाय, पण दहाच तास."

दहा तास म्हणजे फार तर तीन भाकरी. मालनबाईंच्या जिवावरचा धोंडाच उतरला. "मग मुंबईपेक्षा लंडन जवळच की गं! हाक मारली की येशील."

"येईन की."

शेजारच्या कुसुमबाई तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "मग रोज वेणी घालून घ्यायला येत जा म्हनावं!"

चेष्टा झाली, पण मालनबाईंनी पोरीला जायला हो म्हटलं ते त्या तीन भाकरींच्या भरवशावर. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली, दुसरं लेकरू नाही.

तिसऱ्या वर्षी मालनबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. परभणीच्या डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशननंतर आठ दिवस पट्टी राहील, जवळ घरचं माणूस पाहिजे. मालनबाईंनी व्यंकटराव गुरुजींकडून कावेरीला पत्र लिहून घेतलं आणि वाट पाहत बसल्या. सकाळी बुद्धवंदनेला बसायच्या. मूर्ती दिसायची ती पांढऱ्या धुरातल्यासारखी. चुलीवर दोनदा हात भाजला.

उत्तर महिन्यानं आलं. गुरुजींनी वाचलं आणि चष्मा काढला.

"रजा पुढच्या वैशाखात मिळंल म्हणती. दोन वर्षांतून एकदाच देतात."

"इमान तर दहा तासात येतंय ना, गुरुजी?"

"इमान येतंय, बाई. तिला सोडायला पाहिजे ना."

मालनबाई भिंतीला टेकल्या. रागवावं एवढंही अंगात त्राण नव्हतं. मग म्हणाल्या, "तिला एवढ्यात काही कळवू नका. पट्टी सुटल्यावर लिवू."

वैशाखापर्यंत थांबायला डोळ्यांत उजेड उरला नव्हता. पुढच्या सोमवारी कुसुमबाईंचा हात धरून त्या परभणीच्या एसटीत चढल्या.

दवाखान्यात औषध घालायला आलेल्या नर्सनं विचारलं, "आजी, ही तुमची मुलगी काय?"

"न्हाई बाई, शेजारीण. तू कुठली गं? बोली येगळी लागती."

"केरळ."

"किती लांब?"

"तीन दिवस लागते, आजी. रेल्वे."

"माय हाय का?"

"आहे."

मालनबाईंनी चाचपत तिचं मनगट धरलं. थंड, ओलं, कामातलं मनगट.

"वर बघा, आजी. हलू नका," पोरगी म्हणाली.

मालनबाईंनी मनगट सोडलं आणि वर पाहिलं.