तीन ढालींचं नाणं

माझी फजिती ऐकायचीच असेल तर आधी चहा संपवा. नंतर तो घशाखाली उतरणार नाही.

मुलुंडचा वसंता आणि मी, दोघांना एकच वेड. दोनशे वर्षांपूर्वी स्वित्झर्लंडमधला एकेक प्रांत स्वतःची नाणी पाडायचा, ती जमवायची. पनवेलच्या पलीकडचा परदेश आम्ही दोघांनीही पाहिलेला नाही, ते सोडा. ग्राउब्युंडन प्रांताचं तीन ढालींचं नाणं तेवढं कुणाकडेच नव्हतं. अखेर ते मला मिळालं.

"रविवारी आणतो. बघ आणि जळ," मी फोनवर म्हणालो.

"आण रे. पण हातात देणार असशील तरच ये," वसंता म्हणाला.

रविवारी पहाटे तो गेला.

नाणं खिशात घालूनच मी घाटकोपरहून त्याच्या घरी पोचलो. का घातलं, विचारू नका.

गुरुजी म्हणाले, "यांच्या हातावर ठेवायला कुणीतरी एक नाणं द्या."

सगळ्यांनी खिसे चाचपले. हल्ली कोथिंबिरीचे पैसेसुद्धा फोनवरून देतात, नाणं असणार कुणाकडे?

"काका, तुम्ही तर नाण्यांतलेच," वसंताचा जावई म्हणाला.

माझे डोळे भरलेले. खिशात हाताला लागलं ते दिलं.

वसंताची बायको, शोभावहिनी, त्याच्या हाताकडे बघून कोसळल्याच. "भावजी, ज्याच्यासाठी हे झुरले, तेच दिलंत हो."

मी पुन्हा चाचपून पाहिलं. द्यायचा तो रुपया खिशात तसाच होता. गुपचूप अदलाबदल करावी म्हणून मी वसंताच्या हातावर वाकलो, तर जावयाने मागून धरलं. "काका, सावरा." पुन्हा वाकलो, तर तिघांनी धरलं.

"असा मित्र मिळायला भाग्य लागतं," शेजारचे कुणीतरी म्हणाले.

आता सांगा, काय बोलणार? हळूहळू मलाही वाटायला लागलं की आपण ते मुद्दामच दिलंय. मग मात्र मी खरा रडलो.

एवढ्यात गुरुजींनी नाणं उचलून निरखलं. "हे कुठलं? हे नको. चालणारं द्या."

ज्याला तिघांनी धरून उभं केलं होतं, त्या मी एका हाताने रुपया पुढे केला आणि दुसऱ्या हाताने ते नाणं इतक्या चपळाईने घेतलं, की वहिनींचं रडणं थांबलं.

"नीट ठेवा, भावजी," त्या म्हणाल्या, "पडायचं कुठेतरी."

संच पूर्ण झालाय माझा. ज्याला दाखवायचा तो गेला, आणि वहिनी आता माझा फोन उचलत नाहीत.