भुताचं काम

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय, तेही नीट कळत नाही — पण सांगतो.

माझ्या बाबांचा आवाज मोठा होता. दर्यापूरजवळच्या आमच्या गावात दवंडी द्यायचं काम आमच्या घराकडे होतं. बाबा वेशीवर उभे राहून बोलले की शेवटच्या घरातली म्हातारी बाहेर यायची. छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि त्यांनी दवंडीचं डफडं विहिरीत टाकून दिलं. दर्यापूरच्या कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला लागले. आवाज तेवढा राहिला. रविवारी वस्तीत वंदना व्हायची, ती तेच म्हणायचे, बाकीचे त्यांच्या मागून.

मी अमरावतीला कॉलेजात होतो. तिथं मी गावाचं नाव सांगायचो, वस्तीचं नाही. कुणी विचारलं होतं का? नाही. पण कुणी विचारू नये असंच मी वागायचो. 'मले-तुले' सोडून 'मला-तुला' बोलायला शिकलो होतो — इतकं स्वच्छ, की संमेलनाच्या नाटकात सरांनी मला राजपुत्र केलं.

नाटक परदेशी होतं, मराठीत आणलेलं. शोकांतिका. मेलेला राजा भूत होऊन येतो आणि मुलाशी बोलतो. सर म्हणायचे, हा प्रवेश भीतीचा नाही. दरबारात सगळे आहेत, पण त्या बापाला आपलं दुःख सांगायला मुलाशिवाय कुणी नाही. आणि मुलालाही तोवर फक्त राजा माहीत होता. बाप त्याला तिथं पहिल्यांदा भेटतो.

मी हे वहीत उतरवून घेतलं होतं. परीक्षेला उपयोगी पडेल म्हणून.

भुताचं काम करणाऱ्या मुलाचा आवाज बारीक होता. तो तोंडासमोर रिकामा डबा धरून बोलायचा, आणि आम्ही हसायचो. एका दुपारी तालीम चालू असताना दारातून हाक आली — माझ्या नावाची. सगळं थांबलं. बाबा आले होते, भाकरी आणि तिळाची चटणी घेऊन. आत पाहून ते ओशाळले आणि पाय धुवायला नळाकडे गेले.

सर उठून उभे राहिले. "हा आवाज," ते म्हणाले. "वडील ना तुझे? त्यांना विचार. पडद्यामागं उभं राहून भुताची वाक्यं म्हणतील का? मी पाठ करून घेतो."

दालनापासून नळापर्यंत किती अंतर असेल? चाळीस पावलं. तेवढ्यात मी ठरवलं. सगळे विचारतील, हा आवाज कुठं तयार झाला. बाबा लपवणार नाहीत. अभिमानानं सांगतील — दवंडी देत होतो, मग सोडली. आणि मी?

बाबांनी थोडं ऐकलं होतं. धोतराला हात पुसत म्हणाले, "सायेब माह्या आवाजाचं काय म्हनत होते रे?"

मी म्हणालो, "आवाज चांगला आहे म्हणाले. पडद्यामागचं भुताचं काम द्यायचं मनात होतं त्यांच्या. पण तुमची बोली चालणार नाही म्हणतात. मी सांगून पाहिलं."

त्यांनी नळ घट्ट बंद केला. "बराबर हाय," म्हणाले. "राजा असा बोलन काय?"

परत येऊन मी सरांना सांगितलं, बाबांना जमणार नाही, जिनिंगमध्ये सुटी मिळत नाही. सर हळहळले. दोन्हीकडे खोटं बोललो आणि दोन्हीकडे माझं खरं मानलं गेलं. इतकं सोपं होतं ते.

नाटकाला बाबा आले. सुटी काढून. शेवटच्या रांगेत बसले. डब्यातला आवाज मुलाला हाक मारू लागला आणि मी गुडघे टेकले — आणि मला खरंच रडू आलं. वाक्यं अडली. लोकांना वाटलं, अभिनय. टाळ्या पडल्या. मला बक्षीसही मिळालं. काय सांगणार होतो मी तेव्हा? आणि कुणाला?

बाहेर बाबा उभे होते. म्हणाले, "भूत चांगलं होतं. शुद्ध बोलत होतं."

त्यानंतर त्यांनी वंदना म्हणणं सोडलं. हे मला पुढच्या सुटीत आईकडून कळलं. ते म्हणायचे, आता शिकलेल्या पोरांनी म्हनावं, आपली जीभ जाडी. ते मागच्या रांगेत बसायचे आणि ओठ हलवायचे. मी त्या रविवारी त्यांच्या शेजारी बसलो होतो. तेव्हा तरी बोलायचं होतं ना? आई रागावेल, म्हणून नाही बोललो. मग परीक्षा होती. मग नोकरी लागली.

पुढं मी अकोल्याला सरकारी कचेरीत लागलो. जठारपेठेत दोन खोल्या घेतल्या. बाबांच्या छातीत जिनिंगमधली कापसाची धूळ भरली होती, त्यांना उपचाराला घेऊन आलो. एक दिवस शेजारचे मास्तर त्यांना पाहायला आले. बाबांना धाप लागत होती, तरी ते बोलले.

"मास्तर, याच्या कालेजात मले भुताचं काम देत होते. माह्या बोलीपायी राह्यलं. पन या पोरानं सायबासंगं लय भांडन केलं माह्यासाठी. एवढ्या मोठ्या मानसासंगं. मले नाई सांगितलं यानं, पन मले समजलं होतं. नाटकात रडला ना हा, तवाच समजलं."

मी चहा ओतत होतो. मास्तर म्हणाले, असा मुलगा मिळायला भाग्य लागतं. मी मान खाली घातली. त्यांना तो विनय वाटला.

बाबा त्यानंतर नऊ दिवसांनी गेले. शेवटपर्यंत शुद्धीवर होते. रोज संध्याकाळी मी त्यांच्या उशाशी बसायचो, आणि खोलीत आम्ही दोघंच असायचो.