नागोठण्याला कोण बसणार?

१९९९च्या उन्हाळ्यात पेणमधल्या आमच्या शेजारच्या काकांनी पेण ते रोहा अशा क्वांटम लाइनीचा, म्हणजे प्रकाशाच्या सुट्या कणांवर चालणाऱ्या लाइनीचा, आराखडा मुंबईच्या भौतिकशास्त्राच्या एका प्राध्यापकांना रजिस्टर पोस्टाने पाठवला. काका टेलिफोन खात्यातून नुकतेच निवृत्त झाले होते. लांबच्या लाइनीवर त्यांच्याइतका जीव लावणारा माणूस मी पाहिलेला नाही. घरचा फोन उचलला तरी आधी "टेस्टिंग, पेण" म्हणत. रोह्याच्या बहिणीने एकदा विचारलं होतं, "दादा, तू बोलतोस की तपासतोस?" लग्नाच्या पंगतीतही ते आचारी आणि वाढपी यांच्या मधोमध उभे राहत आणि भाताचा निरोप पुढे गेला का, याची खात्री करून घेत.

या बहिणीचा मुलगा परदेशात शिकत होता. त्याने पाठवलेला एक शोधनिबंध काकांनी शब्दकोश घेऊन महिनाभर वाचला होता. प्रकाशाचा एकेक कण लांब जाताना वाटेत हरवतो, आणि टेलिफोनच्या आवाजासारखा तो मोठा करून पुढे ढकलता येत नाही. म्हणून मधे नागोठण्याला केंद्र हवं. एकमेकांशी बांधलेल्या कणांची एक जोडी पेण-नागोठणे, दुसरी नागोठणे-रोहा. मधे दोन्ही सांधल्या की पेण थेट रोह्याशी जोडलं जातं. काका मला म्हणाले, "तीस वर्षं लाइन सांभाळली. ती अक्कल या नव्या लाइनीत चालते का, तेवढंच बघायचंय."

प्राध्यापकांचं उत्तर आलं. आराखड्यात नागोठण्याला काकांनी एक माणूस बसवला होता. आलेला प्रत्येक कण तो आधी तपासणार होता. खात्यात तशीच पद्धत होती. असा एकेक कण तपासला की जोडी तुटते, असं प्राध्यापकांनी लिहिलं होतं. काका तीन दिवस ओटीवर आले नाहीत. चौथ्या दिवशी मी गेलो, तेव्हा आराखडा तसाच समोर होता आणि काकू शेंगा सोलत होत्या. नागोठण्याला कोणी बघितलंच नाही तर जुळणार कसं, असं काका पुन्हा पुन्हा विचारत होते.

काकू मान वर न करता म्हणाल्या, "अहो, लग्न जमवणारा दोघांचं जुळतं का तेवढंच बघतो. पोरीनं चिठ्ठीत काय लिवलंय ते उघडून वाचत नाय."

काकांनी खोडरबर मागितलं. नव्या आराखड्यात नागोठण्याला दोन कणांचं एकमेकांशी नातं काय, एवढंच तपासायचं होतं. निकाल दोन्ही टोकांना साध्या फोनवरून कळवायचा होता. हा आराखडाही रजिस्टर पोस्टाने गेला.

पावसाळ्यानंतर प्राध्यापकांचं कार्ड आलं. मांडणी आता बरोबर आहे, पण एवढ्या लांबवर चालणारं यंत्र अजून जगात कुणी बांधलेलं नाही, असा मजकूर होता. काकांनी ते दोनदा वाचलं आणि काकूंच्या हातात दिलं.