जावयाला सोळा

आमच्या लग्नाला सासरे आले नव्हते. कोर्टात सह्या करताना बायको दर दोन मिनिटांनी दरवाजाकडे बघत होती, आणि ती बघतेय हे मी बघत होतो. ते का आले नाहीत ते सांगत बसत नाही. आमच्या भागात ते सांगावं लागत नाही, आडनाव ऐकलं की लोक पुढचं समजून घेतात. त्यानंतर तीन वर्षं बोलणं बंद होतं. मग यंदा धोंड्याचा महिना ऐन उन्हाळ्यात आला आणि सासूबाईंचा फोन आला, ‘जावयाला घेऊन ये.’

या महिन्यात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे जेवू घालतात, वर ताम्हणात अनारसे ठेवून देतात. आमच्याकडे हा महिना पाळत नाहीत. माझ्या लेखी तो साधा मे होता, तोही आमच्या संभाजीनगरातला, म्हणजे दुपारी कुत्रीसुद्धा गाडीखालून बाहेर येत नाहीत असला. छावणीतल्या घरून निघताना आईनं मला दारात अडवलं.

‘‘मान दिला तर घे,’’ ती म्हणाली. ‘‘उपकार म्हणून दिला तर ताटावरून उठून ये. कसं?’’

‘‘व्हय,’’ मी म्हणालो. पण या दोन्हींतला फरक ओळखायचा कसा, ते तिनं सांगितलं नाही.

सासरे फुलंब्रीचे शेतकरी, आता शहरात घर बांधून राहिलेले. आयुष्य कूलरवर काढलेला माणूस. पण त्या दिवशी पुढच्या खोलीत भिंतीवर कोराकरकरीत एसी होता, त्याला हळदकुंकू लावलेलं, हार घातलेला. मी आत गेलो तेव्हा माझ्या आधी त्याचा सत्कार होऊन गेला होता हे उघड होतं. सासरे ‘‘बसा’’ म्हणाले, तेही एसीकडे बघून. मग सदऱ्याच्या खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीसकट रिमोट काढला आणि टुक टुक करत आकडा खाली नेला.

‘‘सोळा,’’ त्यांनी जाहीर केलं. ‘‘याच्या खाली कंपनी जाऊ देत नाय. इचारलं म्या दुकानात.’’

आणि रिमोट परत खिशात गेला.

पहिली दहा मिनिटं स्वर्ग होता. नंतर माझ्या पायाचे अंगठे बधिर झाले. बाहेर रस्त्याचं डांबर मऊ पडलेलं आणि आत मी हाताची घडी घालून, पाय खुर्चीखाली लपवून बसलेलो. थंडी वाजते म्हणावं तर यजमानाचा अपमान. ‘‘बरं वाटतंय ना जावयांना?’’ सासरे सासूबाईंना विचारत. सासूबाई मला विचारत. मी ‘‘लई छान’’ म्हणे, आणि माझे दात एकमेकांवर आपटत. सासऱ्यांनी गळ्याला मफलर गुंडाळला होता. उन्हात जाताना डोक्याला बांधायचा म्हणून बाहेर काढला असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली.

सासूबाईंना कूलरची सवय. खोलीत काही गार करणारं सुरू असलं की खिडकी उघडायची, नाहीतर कोंदट होतं, एवढंच त्यांना माहीत. त्या येता-जाता खिडकी उघडत, उन्हाची झळ आत येई आणि आम्ही सगळे नकळत तिकडे सरकत असू. मग सासरे उठून ती बंद करत. असं बराच वेळ चाललं.

जेवायला बसलो. ज्या गावात उन्हाळ्यात खोबरेल पाण्यासारखं पातळ होतं, तिथं माझ्या ताटातलं तूप थिजलं. धोंडा तुपात बुडवायचा असतो. मी तो तुपावर घासला. सासरे ते बघत होते. मी दुसरा मागून घेतला. बायको वाढायला आलीच नाही. ती स्वयंपाकघरात गॅसजवळ उभी राहून पापड भाजत होती, आणि आमची जेवणं झाली तरी भाजतच होती.

फोन आल्याचं सोंग करून मी गच्चीवर सटकलो. तिथं रणरणत्या उन्हात माझे थोरले साडू उभे होते, शेंद्र्याच्या कारखान्यात सुपरवायझर असलेले. आमच्याच पंगतीत जेवून ते माझ्या आधी वर सटकले होते. तापलेल्या पाण्याच्या टाकीला पाठ लावून ते डोळे मिटून शेकत होते. मी शेजारी जाऊन दुसरी बाजू धरली.

‘‘मागच्या हप्त्यात माझा धोंडा झाला,’’ ते डोळे न उघडता म्हणाले. ‘‘मला किती दिलं माहितीय? वीस.’’

‘‘सुटलात की.’’

‘‘सुटलो काय? थोरला जावई मी! मला वीस अन् तुम्हाला सोळा?’’ माणूस खरोखरच दुखावला होता.

पण माझंही टाळकं सरकलं. यांना वीस, तर मला सोळा कशाला? एवढा थाट कुणाला दाखवायला? तीन वर्षं दारात उभं केलं नाही आणि आता गार वारा सोडून सगळं झाकून टाकायचं? आई म्हणाली तो उपकार हाच, असं मला वाटलं. मी ठरवलं की खाली जायचं, अनारसे नको म्हणायचं आणि बायकोला घेऊन निघायचं.

खाली आलो तर सासऱ्यांनी दिवाणावर माझी गादी घातलेली. जेवल्यावर जावयानं आडवं व्हायचं असतं. घरातल्या गोधड्या उन्हाळ्यापायी माळ्यावर गेलेल्या, एकच खाली होती. ती त्यांनी माझ्यापुढं धरली. दुसऱ्या हातानं ते गळ्यातला मफलर आवळत होते.

‘‘मामा, तुम्ही घ्या,’’ मी म्हणालो.

‘‘नाय. जावयानं कुडकुडायचं नाय.’’

‘‘मग वीस करा ना! त्यांना वीस, मला सोळा, हे काय आहे?’’ माझा आवाज चढला होता.

ते दिवाणाच्या कडेला बसले. दिवसभरात पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

‘‘त्येंच्या लग्नात म्या मांडवात होतो,’’ ते म्हणाले. ‘‘अक्षता टाकल्या. पंगतीत वाढलं. तुमच्या लग्नाला आलो नाय. तवा म्हटलं, तुम्हाला काय कमी पडाया नको. अन् सोळाच्या खाली ते जात नाय.’’

मला हसू आलं. तीन वर्षांचा राग मी मोठ्या निगुतीनं सांभाळला होता. तो असा चार डिग्र्यांत जावा, हे मला अजिबात मान्य नव्हतं. पण समोर मफलर गुंडाळून कुडकुडणारा म्हातारा बसला होता, आणि तो माझ्यासाठी कुडकुडत होता.

मी हात पुढं केला. त्यांनी थोडा विचार केला, मग खिशातून पिशवीसकट रिमोट काढून माझ्या हातात ठेवला. मी सव्वीस केलं.

‘‘सव्वीस?’’ ते घाबरून म्हणाले. ‘‘लोक काय म्हणतील?’’

‘‘लोक गच्चीवर टाकीला चिकटून उभे आहेत, मामा.’’

मग आम्ही दोघं त्या एकाच गोधडीत पाय घालून दिवाणावर बसलो. सासूबाईंनी येऊन खिडकी उघडली. या वेळी ती कुणी बंद केली नाही.

संध्याकाळी अनारशांचा डबा घेऊन घरी आलो. आई दारातच उभी होती.

‘‘मान दिला का उपकार?’’

‘‘रिमोट दिला,’’ मी म्हणालो आणि शिंकलो.

तिनं क्षणभर माझ्याकडे पाहिलं, ‘‘मग असू दे,’’ म्हणाली, आणि डबा उघडून एक अनारसा तोंडात टाकला.