बिनइंजिनाचं मारुत

"दगडाला पंख लावले म्हणून तो उडत नाही, मॅडम," क्लबचे अध्यक्ष म्हणाले आणि भोवतीचे सगळे हसले.

तो दगड माझ्या हातात होता. चंदेरी रंगाचा, टोकदार नाकाचा, मागे झुकलेल्या पंखांचा.

क्लब म्हणजे रेडिओवर चालणारी छोटी विमानं उडवणाऱ्या हौशी लोकांचा. दर रविवारी सकाळी बेंगळूरबाहेरच्या एका माळावर ते जमत. प्रत्येकाच्या विमानाला पुढे पंखा, त्यामागे काडेपेटीएवढं इंजिन, आणि माळभर नुसती भुणभुण. त्यांच्या बायकांसाठी चिंचेखाली खुर्च्या मांडलेल्या असत. पहिल्या दिवशी मलाही तिथं बसायला सांगितलं होतं. मी बसले नाही. तेव्हाच बहुधा मी त्यांच्या मनातून उतरले असणार.

अध्यक्षांनी विमान उलटंसुलटं करून पाहिलं. "पंखा कुठाय? इंजिन?"

"नाहीये. हे डोंगराच्या उतारावर उडतं. नुसत्या वाऱ्यावर."

"जेट? वाऱ्यावर?" ते फौजेतून निवृत्त झालेले होते, आवाजातली परेड मात्र सुटली नव्हती. "घारीसारखे लांब पंख असते तर गोष्ट वेगळी. हे आमच्या माळावर फेकायचं नाही. कुणाच्या डोक्यात बसलं तर?"

"तुमच्या माळावर ते उडणारही नाही," मी म्हणाले. "तुमच्याकडे डोंगर कुठाय?"

विमान चादरीत गुंडाळलं, मोपेडच्या मागे बांधलं आणि निघाले. घर येईपर्यंत माझी कानशिलं तापलेली होती.

मी तेव्हा बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात यंत्रांच्या सुट्या भागांची ड्रॉइंग्ज काढायचे. घर महादेवपुऱ्याच्या बाजूला. आई-अप्पा मूळचे निपाणीकडचे. अप्पा तरुणपणी इथल्या विमानांच्या कारखान्यात लागले आणि इथलेच झाले. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड, आणि आईच्या तोंडी दोन्ही एकाच वाक्यात.

अप्पांची उमेदीची वर्षं 'मारुत'वर गेली. हे लढाऊ जेट इथंच आखलेलं, इथंच बांधलेलं. पण ज्या ताकदीचं इंजिन गृहीत धरून त्याचा आकार ठरवला होता, ते इंजिन त्याला कधी मिळालंच नाही. कमी ताकदीच्या इंजिनांवर ते उडालं, लढलं, आणि शेवटी हवाई दलातून बाहेर पडलं. पाठोपाठ अप्पाही निवृत्त झाले. कुणी मारुतचा विषय काढला, की ते उठून अंगणात झाडांना पाणी घालायला जायचे. मग झाडांना पाणी हवं असो वा नसो.

मला विमानांची मॉडेलं करायचा नाद कॉलेजपासून होता. एकदा जुन्या पुस्तकांच्या दुकानात एक विलायती मासिक हाती लागलं. त्यात हिरव्यागार डोंगराच्या कडेवर टोप्या सांभाळत उभी असलेली माणसं होती, आणि त्यांच्यासमोर हवेत लढाऊ जेटं, एकातही इंजिन नाही. वारा उताराला धडकला की त्याला वर चढण्यावाचून गत नसते, आणि त्या चढत्या वाऱ्यावर विमान स्वार होऊन राहतं. मी ते पान दुकानातच उभ्या उभ्या कितीदा वाचलं कोण जाणे. सोबत परदेशी विमानांचे आराखडेही होते. मला ते नको होते. मी मारुत करायला घेतलं.

थर्मोकोलचे ठोकळे तापलेल्या तारेनं कापून पंख केले. त्यांवर पांढऱ्या गोंदानं खाकी कागद चढवला. धडासाठी प्लायवूडच्या चकत्या, त्यांच्याभोवती लाकडी पट्ट्या. मारुतची कंबर मधे आवळलेली असते, ती आवळताना पट्ट्या कडाकड मोडायच्या आणि मी पुन्हा नव्या कापायचे. ऑफिसातल्या एकाच्या भावानं सिंगापूरहून रेडिओ आणून दिला. जेवायचं टेबल मी बळकावलं होतं, त्यामुळे घर खाली बसून जेवायला लागलं.

"मुलीला छंद काय म्हणून पाहुणे विचारतात," आई म्हणाली. "काय सांगू?"

"विमानं बांधते म्हणून सांग."

"मागच्यांना तेच सांगितलं. परत आले का ते?"

"मग बरंच झालं की."

अप्पा टेबलाजवळून जाताना मुद्दाम दुसरीकडे बघायचे. एका संध्याकाळी मात्र थांबले.

"शेपूट एवढं मोठं नव्हतं."

"माहीत आहे. लहान मॉडेलला थोडं मोठं लागतं, नाहीतर ते स्थिर राहत नाही."

"मग ते मारुत नव्हे."

"उडायला पाहिजे ना, अप्पा. कपाटात मांडायचं असतं तर तंतोतंत केलं असतं."

त्यांनी शेपूट वितीनं मोजलं. मग म्हणाले, "त्याला जन्मभर पाहिजे तसलं इंजिन मिळालं नाही. होतं नव्हतं तेही तू काढून टाकलंस. कशाला पाहिजे हे? त्याला लोकं आधीच हसून झाल्यात."

मला वाईट वाटलं. पण त्याहून जास्त राग आला. "हसू देत की," मी म्हणाले. "हसणाऱ्यांसाठी मी नाही बांधत." ते अंगणात निघून गेले. मी पुन्हा पट्टी कापायला घेतली.

विमान पुरं झाल्यावर बेळ्ळंदूरच्या तळ्याच्या बांधावरून गवतात हलकेच सोडून बघितलं. सरळ गेलं, अलगद टेकलं. त्याच जोरावर मी क्लबात गेले आणि वर सांगितलेला आहेर घेऊन परत आले.

मग मी डोंगर शोधायला लागले. आषाढात बेंगळुरात पश्चिमेचा वारा सुटतो. शेजारचे त्याला आषाढ गाळी म्हणतात, वाळत घातलेले कपडे दुसऱ्याच्या गच्चीवर नेणारा वारा. मला पश्चिमेला तोंड असलेला उतार हवा होता. मागडी रस्त्याला शहराच्या बऱ्याच पुढे खडकाची एक बोडकी टेकडी सापडली. वर उभं राहिलं की ओढणी छातीला चिकटायची ती सुटायचीच नाही. हाच तो वारा, मी ठरवलं.

पहिल्यांदा एकटीच गेले. एका हातात रेडिओ धरला, दुसऱ्या हातानं विमान फेकलं. त्यानं नाक वर केलं, घोड्यासारखं मागच्या पायांवर उभं राहिलं, पाठीवर उलटलं आणि माझ्या मागच्या खडकावर येऊन आदळलं. नाक चुरडलं होतं, एक पंख मुळापासून सुटला होता. टेकडीवर चिटपाखरू नव्हतं. मी मोठ्यानं एक शिवी दिली, वाऱ्याला की त्या अध्यक्षांना कोण जाणे, आणि तुकडे चादरीत भरले.

घरी टेबलावर चादर सोडली. अप्पा आले, बघत राहिले.

"आपटलं," ते म्हणाले.

"आपटलं. दुरुस्त करून परत जाणार."

"एका हातानं कुणी फेकतं होय? तिथंच चुकलं."

"तिथं नाही. हलकं असलेलं बरं म्हणून मी नाकात वजन कमी घातलं होतं. ते चुकलं."

"दोन्ही चुकलं," म्हणाले आणि त्यांनी सुटलेला पंख उचलला. मोडलेल्या जागेवरून नुसतं बोट फिरवत राहिले. त्या दिवशी ते अंगणात गेले नाहीत.

गाड्यांची चाकं तोलणाऱ्या दुकानातून मी शिशाचे तुकडे आणले आणि नवं नाक त्या शिशानं भरलं. दोन्ही पंखांखाली एकेका बोटाचं टोक धरून विमान तोललं, तेव्हा ते नाकाकडे किंचित झुकलं. आता ते हातालाही जड लागत होतं. अध्यक्षांना दगड हवा होता ना, मनात म्हटलं, घ्या.

रविवारी सकाळी मी निघाले तर अप्पा बूट घालून दारात उभे. कुठं निघालात, असं मी विचारलं नाही. दोघं आणि विमान मोपेडवर मावेना, म्हणून बसनं गेलो. गठ्ठ्यातून बाहेर आलेलं चंदेरी शेपूट बघून कंडक्टरनं मला विचारलं, "एनम्मा इदु?" काय गं हे?

मी तोंड उघडायच्या आत अप्पा म्हणाले, "नम्म विमाना." आमचं विमान.

"इंजिन यल्ली?" इंजिन कुठाय?

"इंजिन बेडा," अप्पा ठासून म्हणाले. इंजिन नको. आणि मग खिडकीबाहेर बघायला लागले, जणू ते दुसरंच कुणी बोललं.

टेकडीवर वारा उभं राहू देत नव्हता. मी अप्पांना कडेपाशी नेलं. "नाक किंचित खाली. वाऱ्याच्या तोंडावर. भिरकावू नका, सरळ ढकला."

"मला शिकवू नको," ते म्हणाले आणि ढकललं.

विमान पुढे गेलं, खाली गेलं, आणखी खाली, आणि कडेच्या आड दिसेनासं झालं. मी रेडिओच्या दांडीवर अंगठा तसाच दाबून धरला. अप्पा वाकून बघायला लागले. आणि त्यांच्या टोपीच्या समोरून ते वर आलं. वेग घेऊन, पंख चमकवत, आमच्या डोक्यापेक्षा उंच. मी ते वळवलं, टेकडीच्या कडेनं पळवलं, पुन्हा दरीकडे तोंड करून वळवलं. समोरून जाताना एक लांबलचक शीळ ऐकू यायची, कापड फाटल्यासारखी. वाऱ्यानं डोळ्यांत पाणी येत होतं आणि मी ओरडत होते. काय ओरडत होते ते आठवत नाही.

अप्पा माझ्याकडे नाही, विमानाकडे नाही, त्याच्या पुढे कुठेतरी बघत होते. मग म्हणाले, "मला दे जरा."

"नाही."

"अगं, स्वल्प."

"नाही अप्पा. अजिबात नाही."

ते रागावले नाहीत. कमरेवर हात ठेवून बघत राहिले. उतरवताना मी ते करवंदीच्या जाळीत घातलं. काटे काढता काढता दोघांचे हात रक्ताळले, तरी अप्पा पंखावरचे ओरखडे मोजत "हे काही नाही, हे काही नाही" करत होते.

त्यानंतर मी क्लबात गेले आणि अध्यक्षांना म्हणाले, "दगड उडतो. या बघायला." ते येतील असं वाटलं नव्हतं. पण चार-पाच जण गाड्या काढून आले, सोबत अध्यक्षांची पत्नीही. अध्यक्ष पाठीमागे हात बांधून शेवटपर्यंत उभे राहिले. मारुत खाली आल्यावर म्हणाले, "आमच्या स्पर्धेत याला गट नाही."

"मी गट मागायला आले नाही."

त्यांची पत्नी पुढे आली. चिंचेखालच्या खुर्चीवर कित्येक रविवार काढलेल्या बाई त्या. "पुढच्या वेळी मी फेकू का?" त्यांनी विचारलं. अध्यक्ष म्हणाले, "अगं, तुला नाही जमायचं." मी विमान त्यांच्या हातात दिलं. त्यांनी पदर खोचला आणि असं ढकललं, की मला रेडिओ सावरायला वेळ मिळेना. अध्यक्षांनी माझी माफी कधी मागितली नाही. मला ती नकोही होती. मला वारा हवा होता, तो आषाढात फुकट मिळत होता.

पुढच्या वर्षी मी अप्पांच्या हातात रेडिओ दिला. त्यांनी पहिलं वळण झकास घेतलं, दुसऱ्याला वाऱ्याकडे पाठ केली आणि मारुत टेकडीच्या पलीकडच्या नाचणीच्या रानात घातलं. आम्ही धापा टाकत तिथं पोचलो, तर पंख एकीकडे, धड एकीकडे.

"वाऱ्यानं घात केला," अप्पा म्हणाले.

"वाऱ्यानं नाही. तुम्ही."

"सरी, बरं," ते म्हणाले. "पण वळण कसं घेतलं होतं पहिलं? बघितलंस की नाही?"